शिरपूरच्या जड पाण्यातली बाग

काचेच्या टाकीत माशांबरोबर जिवंत वनस्पती वाढवायच्या असे ठरवलेला माणूस दुकानात गेला की पहिला प्रश्न दिव्याचा विचारतो. किती वॅटचा घेऊ? पांढरा की लाल-निळा? दुकानदारही दिवाच पुढे करतो, कारण दिवा दिसतो. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड दिसत नाही. महिनाभरात पाने तपकिरी पडतात, काचेवर हिरवट थर चढतो, दगडांना केसाळ शेवाळ येते, आणि ‘प्रकाश कमी पडतोय’ असे समजून त्याहून मोठा दिवा आणला जातो. दुखण्यावर दुखणे वाढवण्याचा हा प्रकार आहे. टाकीतल्या पाण्यात कार्बन किती आहे आणि आपण किती देऊ शकतो हे आधी पाहावे, मग त्याच्या मापाने दिवा घ्यावा, हा या लेखाचा मुद्दा आहे. हा क्रम कुठेही बरोबरच आहे. पण जिथे पाणी जड आणि मे महिना ४० अंशांच्या पुढचा, तिथे तो उलटा केला तर नुसत्या वनस्पती नव्हे, मासेही जातात.

शिरपूरचे नाव महाराष्ट्राला पाण्यामुळेच ठाऊक आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मध्ये गाळाचा जाड पट्टा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४ पासून या तालुक्यात नाले रुंद आणि खोल केले, त्यांवर सिमेंटचे बंधारे घातले, धरणातले जादा पाणी कोरड्या विहिरींत सोडले. गाळाच्या प्रदेशात पिवळ्या मातीचा थर पाणी खाली जाऊ देत नाही, तो फोडल्याशिवाय खालच्या वाळूला पाणी मिळत नाही, हे त्या कामामागचे साधे निदान. ‘शिरपूर पॅटर्न’ या नावाने त्यावर भरपूर लिहिले-बोलले गेले आहे. त्याच्या बाजूने आणि विरोधातही. आपल्याला इथे त्यातली एकच गोष्ट हवी आहे. जमिनीत जिरलेले पाणी आणि विहिरीतून वर येणारे पाणी रासायनिकदृष्ट्या एकच नसते. वाटेत त्याने काहीतरी घेतलेले असते.

पावसाचे पाणी जवळजवळ क्षारविरहित असते. ते मातीत उतरते तेव्हा मातीतल्या पोकळ्यांतली हवा त्याला भेटते. मुळे आणि जिवाणू सतत श्वास घेत असल्यामुळे या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असते. तो पाण्यात विरघळतो, पाणी किंचित आम्ल होते आणि काळ्या मातीत जागोजाग सापडणारी चुनखडी हळूहळू विरघळवू लागते. चुनखडी आणि वायू मिळून कॅल्शियम बायकार्बोनेट तयार होते. हेच आपले जड पाणी, शाळेच्या पुस्तकातले दुष्फेन पाणी. साबणाला फेस न येणे, डाळ लवकर न शिजणे, बादलीत पाणी तापवण्याच्या रॉडवर पांढरे कवच चढणे, या खानदेशातल्या बोअरच्या पाण्याच्या ओळखीच्या खुणा. त्या रॉडवर घडते ते हे: उष्णतेने बायकार्बोनेट फुटते, कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि मागे चुना उरतो. म्हणजे मातीत जे झाले त्याच्या नेमके उलटे. हे कवच वाचकाने ध्यानात ठेवावे. पुढे ते एका पानावर पुन्हा भेटणार आहे.

तर जड पाण्यात कार्बन भरपूर आहे, पण तो बायकार्बोनेटच्या रूपात बांधलेला आहे. मोकळा, वायुरूप विरघळलेला कार्बन डायऑक्साइड मात्र फार थोडा. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात २५ अंशांना तो लिटरमागे सुमारे ०.६ मिलिग्रॅम असतो, ३५ अंशांना ०.५ च्या आसपास. टाकीत मासे आणि तळाचा गाळ असतो, त्यामुळे प्रत्यक्षात हा आकडा दोन-तीन मिलिग्रॅमपर्यंत जातो. छंदी लोक वायू सोडतात तेव्हा त्यांचे लक्ष्य २० ते ३० मिलिग्रॅम असते. शिवाय पाण्यात हा वायू हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. पानाला चिकटून पाण्याचा जो स्थिर पापुद्रा असतो, त्यातला वायू पान वापरून टाकते आणि नवा येईपर्यंत ताटकळते. शेतातल्या कपाशीला हा प्रश्न नाही. पाण्याखालच्या झाडाचे सगळे आयुष्यच या ताटकळण्याभोवती बेतलेले असते.

१९०५ मध्ये इंग्लिश वनस्पतिशास्त्रज्ञ एफ. एफ. ब्लॅकमन यांनी प्रकाशसंश्लेषणाबाबत मर्यादक घटकांचा विचार मांडला. अनेक गोष्टींवर अवलंबून असलेल्या क्रियेचा वेग त्यातली सर्वांत अपुरी गोष्ट ठरवते. चुलीचा जाळ वाढवला म्हणून भाकरी जास्त होत नाहीत. परातीत पीठ असेल तेवढ्याच होतात, आणि जाळ फारच वाढला तर त्याही करपतात. टाकीत प्रकाश हा जाळ आणि कार्बन हे पीठ. पीठ न वाढवता जाळ वाढवला की वनस्पतींना तो वापरता येत नाही. शेवाळाचे मात्र फावते, कारण त्याची गरज थोडी आणि देह सूक्ष्म. चहूबाजूंनी पाण्याला भिडलेली त्याची पेशी तुटपुंज्या कार्बनवरही भागवून घेते.

ब्लॅकमनच्या विचाराला एक महत्त्वाची पुरवणी डेन्मार्कच्या टी. अँडरसन आणि ओले पेडरसन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने जोडली. त्यांनी रिक्सिया ही तरंगती वनस्पती वेगवेगळ्या प्रकाशात आणि वेगवेगळ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवली. कमी प्रकाशात नुसता वायू वाढवला तरी वाढ सुधारली. हे वरवर पाहता ब्लॅकमनच्या विरुद्ध वाटते. प्रकाशच अपुरा असेल तर वायूने काय साधणार? खुलासा असा की वायू मुबलक असला म्हणजे झाडाला तो पकडण्याच्या यंत्रणेवर कमी खर्च करावा लागतो, आणि वाचलेली शक्ती प्रकाश टिपण्याकडे वळवता येते. दुकानात उभ्या असलेल्या माणसासाठी याचा अर्थ सरळ आहे. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर मोठ्या दिव्यापेक्षा वायूवर केलेला खर्च अधिक फळतो. वायू द्यायचाच नसेल, तर दिवा लहानच हवा.

आता त्या पानावरच्या कवचाकडे येऊ. नदीच्या संथ डोहांत आणि तळ्यांत वाढणारी हायड्रिला आपण सरसकट ‘शेवाळ’ म्हणून मोकळे होतो. भाषेची ही ढिलाई महाग पडते, कारण मुळे-पाने असलेली ही वनस्पती आणि काचेवरचा हिरवा थर एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत. हायड्रिलाला मोकळा वायू मिळेनासा झाला की तिचे पान खालच्या बाजूने आम्ल सोडते. त्या आम्लाने जवळच्या पाण्यातले बायकार्बोनेट फुटून वायू सुटतो आणि पान तो आत घेते. वरच्या बाजूला पाण्याचा सामू चढतो आणि तिथे चुन्याचा पांढरा खरखरीत लेप बसतो. तापवायच्या रॉडवर उष्णता जे करते तेच इथे पान प्रकाशाच्या जोरावर करते. टाकीतल्या हायड्रिलाच्या किंवा व्हॅलिसनेरियाच्या पानावर बोट फिरवून खर लागली तर तो रोग समजू नये. ती वनस्पती आपल्या जड पाण्यातून आपले पोट भरते आहे, एवढाच त्याचा अर्थ.

या हायड्रिलाला भारतीय विज्ञानात मोठे मानाचे स्थान आहे आणि ते मराठीत फारसे कुणी सांगत नाही. जगदीशचंद्र बोस यांनी प्रकाशसंश्लेषणावरचे आपले बरेचसे प्रयोग याच पाणवनस्पतीवर केले. तिच्यातून सुटणाऱ्या प्राणवायूच्या बुडबुड्यांची आपोआप नोंद करणारे उपकरण त्यांनी बनवले. १९२४ मध्ये ‘द फिजिऑलॉजी ऑफ फोटोसिंथेसिस’ हा त्यांचा ग्रंथ निघाला. उन्हाळ्यातली हायड्रिला हिवाळ्यातल्या हायड्रिलापेक्षा वेगळी वागते आणि त्याचा संबंध पानातल्या मॅलिक आम्लाशी आहे, हे त्यांच्या ध्यानात आले होते. त्याचा पुरता अर्थ लागायला पुढची कित्येक दशके जावी लागली. फ्लोरिडा विद्यापीठातल्या जॉर्ज बोवेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की ऊबदार, वायू कमी असलेल्या पाण्यात हायड्रिला कार्बन पकडण्याची आपली रीतच बदलते आणि ज्वारी, मका, ऊस ज्या पद्धतीने कार्बन बांधतात तिच्या जवळची पद्धत स्वीकारते. ज्वारीला त्यासाठी दोन प्रकारच्या पेशी लागतात. हायड्रिला ते एकाच पेशीत करते. खानदेशी मे महिन्यात डोहातले पाणी तापते, वायू आटतो, आणि काठावरची ज्वारी आणि डोहातली हायड्रिला एकाच युक्तीने तगतात. निदान मला तरी यात सुंदर टाकीइतकाच आनंद आहे.

या सगळ्याचा निवडीशी संबंध काय? शिरपूरच्या पाण्यात वाढवायच्या वनस्पतींचे दोन गट पडतात. हायड्रिला, व्हॅलिसनेरिया, सेराटोफायलम यांना बायकार्बोनेट वापरता येते. सिलिंडरशिवाय, साध्या दिव्याखाली त्या उत्तम वाढतात. हायड्रिलाला तर पूर्ण उन्हाच्या एक टक्का प्रकाशही पुरतो. दुसऱ्या गटात तांबड्या पानांच्या रोटाला, बारीक पानांच्या गालिच्यासारख्या पसरणाऱ्या जाती आणि बहुतेक शेवाळी मॉस येतात. यांना मोकळा वायूच लागतो. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर शोभाव्यात अशा जपानी धाटणीच्या टाक्यांची जी छायाचित्रे आपण पाहतो, त्यांत बहुधा हा दुसरा गट असतो. ती शैली रुजवणारे ताकाशी अमानो हे निगाताचे. जपानचे पाणी सामान्यतः मृदू. त्यांच्या पुस्तकातली मापे शिरपूरच्या नळाला जशीच्या तशी लावणे म्हणजे कोकणातले भाताचे वेळापत्रक बघून इथे कपाशी लावण्यासारखे आहे.

मासे कसे मरतात ते इथे नीट समजून घ्यायला हवे. मोकळा वायू, सामू आणि पाण्याचे कार्बोनेट काठिण्य (तपासणीच्या बाटल्यांवर याला ‘केएच’ म्हणतात) या तिघांचे नाते ठरलेले आहे. केएचच्या अंशांना ३ ने गुणायचे, आणि सामू ७ च्या खाली जितका असेल तितके दहाचे घात त्याला लावायचे. वर असेल तर तितक्याने भागायचे. उत्तर येते लिटरमागे मिलिग्रॅममध्ये वायू. केएच ४ असलेल्या मृदू पाण्यात सामू ६.६ झाला की वायू सुमारे ३० मिलिग्रॅम, म्हणजे लक्ष्यावर. म्हणून परदेशी पुस्तकांत ‘सामू ६.६ पर्यंत आणा’ असे वाचायला मिळते. आता केएच १७ असलेले बोअरचे पाणी घ्या. म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात लिटरला सुमारे ३०० मिलिग्रॅम. त्यात ३० मिलिग्रॅम वायू असताना सामू ७.२ च्या आसपासच राहतो. तरीही हट्टाने तो ६.६ पर्यंत उतरवला, तर वायू १२८ मिलिग्रॅमच्या घरात जातो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडतात, आणि संध्याकाळपर्यंत टाकी रिकामी. वायू देणारा म्हणतो, मी तर सांगितलेला आकडासुद्धा ओलांडला नव्हता. आकडा बरोबरच होता, फक्त तो दुसऱ्या गावाच्या पाण्याचा होता.

दुसरा एक बारकावा. बोअरमधून ताजे उपसलेले पाणी मातीतला जादा वायू सोबत घेऊन येते, त्यामुळे त्याचा सामू लगेच मोजला तर खोटा कमी येतो. ते एका बादलीत हवेचा दगड सोडून २४ तास ठेवावे आणि मग मोजावे. हा विसावलेला सामू टिपून ठेवावा. टाकीत वायू सुरू केल्यावर सामू त्याहून एका अंकाने खाली आला म्हणजे वायू दहापट झाला. पाणी जड असो की मृदू, साधारण एक अंकाची घट पुरेशी असते. पुस्तकी कोष्टकापेक्षा हा फरक मोजणे मला जास्त भरवशाचे वाटते. सोबतीला टाकीत काचेची छोटी कुपी टांगतात. तिच्यात केएच ४ चे ठरावीक द्रावण आणि ब्रोमोथायमॉल ब्लू हा रंग असतो. निळा म्हणजे वायू कमी, हिरवा ठीक, पिवळा म्हणजे ताबडतोब बंद करा. कुपीतले द्रावण टाकीच्या पाण्यापासून वेगळे असल्यामुळे शिरपूरच्या जडपणाचा तिच्यावर परिणाम होत नाही. रंग बदलायला मात्र दोन-एक तास लागतात, म्हणून तो बघत बघत वायू वाढवू नये.

वायू आणायचा कुठून? स्वस्त मार्ग दोन. साखर आणि यीस्ट बाटलीत आंबवायचे: तत्त्वतः साखरेच्या वजनाच्या जवळजवळ निम्मा वायू मिळतो. खानदेशात याची अडचण हवामानाची आहे. जानेवारीच्या रात्री यीस्ट झोपते, एप्रिलमध्ये दोन आठवड्यांचे काम चार दिवसांत उरकते. आणि रात्री झाडांना वायू नको असतानाही बाटली तो सोडतच राहते. दुसरा मार्ग खाण्याचा सोडा आणि लिंबूसत्त्व: ८४ ग्रॅम सोडा आणि ६४ ग्रॅम लिंबूसत्त्व यांतून ४४ ग्रॅमपर्यंत वायू निघतो. याला झडप लावून वेग बऱ्यापैकी आवरता येतो. बाटली शीतपेयाचीच घ्यावी, ती दाब सोसायला बनवलेली असते. पाण्याची पातळ बाटली नको. ‘द्रवरूप कार्बन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांबद्दल एक वाक्य पुरे: त्यांतल्या बहुतेकांत ग्लुटारल्डिहाइड असते, जे दवाखान्यात उपकरणे निर्जंतुक करायला वापरतात. ते शेवाळ मारते, पण व्हॅलिसनेरियाही मारते.

उरला सिलिंडर. सोडावॉटरवाल्यांना आणि वेल्डिंगच्या कारखान्यांना हाच वायू लागतो, त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी भरून मिळणे अवघड नाही. पण इथे थोडे थांबावे लागेल. बेलफास्टचे थॉमस अँड्रयूज यांनी १८६९ मध्ये दाखवले की सुमारे ३१ अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड कितीही दाबला तरी द्रव होत नाही. युरोपातल्या दिवाणखान्यात सिलिंडर बारमाही २०-२५ अंशांत राहतो. आत द्रव, वर वायू, आणि दाब ५७ ते ६४ बार. शिरपूरच्या घरात मार्च संपला की सिलिंडरमधला पदार्थ या सीमेच्या पलीकडे गेलेला असतो. मग दाब ठरतो तो आत किती किलो भरले आहे त्यावर. लिटरमागे ०.६७ किलो भरलेला सिलिंडर ४० अंशांना शंभर बारच्या पुढे जातो. गच्च भरलेला असेल तर त्याच्याही बराच पुढे. म्हणून भरताना तो वजनावरच भरून घ्यावा, ५ लिटर मापाच्या सिलिंडरमध्ये ३.३ किलोच्या वर नको. ‘साहेब, थोडा जास्त टाकलाय’ ही मेहेरबानी नाकारावी. मानेवर दाबचाचणीची तारीख कोरलेली असते, ती पाहावी. दाबाच्या नळकांड्यांना परवानगी देणाऱ्या केंद्रीय संस्थेचे, पेसोचे, मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. तिची मान्यता नसलेले, आग विझवण्याचे जुने नळकांडे रंगवून विकत असतील तर घेऊ नये. सिलिंडर उभा, भिंतीला पट्ट्याने बांधलेला, उन्हाच्या खिडकीपासून आणि कूलरच्या उलट दिशेच्या तापलेल्या कोपऱ्यापासून दूर हवा.

सिलिंडरवर दोन घड्याळांचे रेग्युलेटर, बारीक सुईची झडप, बुडबुडे मोजायची नळी, उलट पाणी न येऊ देणारी झडप आणि विजेवर चालणारी सोलेनॉइड झडप, इतके साहित्य लागते. यातली सोलेनॉइड वगळून पैसे वाचवायचा मोह होतो. वीज जाणाऱ्या गावात तो करू नये. ही झडप वीज गेली की आपोआप बंद होते. दिवा विझला, झाडांनी वायू घेणे थांबवले, आणि नळी मात्र वायू ओततच राहिली, अशी वेळ ती येऊ देत नाही. दिवा आणि झडप एकाच टायमरच्या मालिकेत असाव्यात. झडप दिव्याआधी तासभर उघडावी आणि दिव्याआधी तासभर मिटावी. इन्व्हर्टर असेल तर त्यावर दिवा आणि झडप नव्हे, हवेचा पंप घ्यावा. अंधारात वनस्पतीसुद्धा प्राणवायू खातात आणि तापलेल्या पाण्यात तो मुळात कमी मावतो: २५ अंशांना लिटरला ८.३ मिलिग्रॅम, ३५ अंशांना ७ च्या आत. मे महिन्यात बहुतेक मासे पहाटे मरतात ते यामुळे.

दिव्याबद्दल आता थोडक्यात सांगता येते, कारण अवघड भाग संपला. वॅट विसरावेत, ते जुन्या ट्यूबलाइटच्या काळातले माप. ल्युमेन हे माणसाच्या डोळ्यांचे माप आहे, हिरव्या-पिवळ्या रंगाला झुकते माप देणारे, तरी साध्या पांढऱ्या एलईडीसाठी अंदाजाला चालते. दोन फुटी टाकी घ्या, ६० बाय ३० बाय ३६ सेंटिमीटर. माती-दगड वजा जाता पाणी ५५ लिटरच्या आसपास. घरात लावतो ती दोन फुटी १० वॅटची एलईडी नळी साधारण १००० ल्युमेन देते. लिटरमागे १८ ल्युमेन झाले. वायूविना टाकीला ही एक नळी पुरते, दुसरी लावू नये. वायू व्यवस्थित बसल्यावर दोन नळ्या. तीन लावण्याचे कारण मला तरी फक्त तांबड्या रोटालाच्या हौशीत दिसते. अधिक नेमके हवे असेल तर मोबाइलमधले लक्स मोजणारे साधन रिकाम्या टाकीच्या तळाशी ठेवून पाहावे. पांढऱ्या एलईडीखाली ७० लक्स म्हणजे जवळपास १ मायक्रोमोल, हे वनस्पतींच्या उपयोगी प्रकाशाचे माप. वायू नसताना तळाशी दीड-दोन हजार लक्स पुष्कळ झाले. वायू असताना साडेतीन हजार. तुलनेसाठी, अंगणातले एप्रिलचे दुपारचे ऊन एक लाख लक्सच्या घरात असते. टाकी खिडकीत का ठेवू नये, हे एवढ्यावरून कळावे. गुलाबी-जांभळे दिवे पाने चमकदार दाखवतात; वाढीसाठी त्यांची गरज नाही. वेळ सहा ते आठ तास, टायमरवर. सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांसाठी रात्री अकरापर्यंत दिवा चालू ठेवला की त्याची किंमत पुढच्या आठवड्यात शेवाळाच्या रूपाने मोजावी लागते.

पानांतून बुडबुड्यांची माळ सुटताना दिसली की टाकीचे मालक हरखतात. १७७९ मध्ये यान इंगेनहौस यांनी पाने पाण्यात बुडवून नेमके हेच पाहिले, आणि ते उन्हातच घडते, अंधारात घडत नाही, हे सिद्ध केले. बुडबुडा सुटतो म्हणजे पाणी प्राणवायूने भरून वाहते आहे. चिन्ह चांगले आहे. पण ताजे नळाचे पाणी ओतल्यावर पानांना जे बुडबुडे चिकटतात ते नुसते दाब उतरल्यामुळे आलेले असतात, त्यात प्रकाशसंश्लेषणाचे काही श्रेय नाही.

सगळ्या मतांचा हिशेब केला तर शिरपूर, चोपडा, अमळनेर या पट्ट्यातल्या नव्या माणसाने सिलिंडर घेऊच नये असे मला वाटते. एक नळी, व्हॅलिसनेरिया, हायड्रिला, थोडेसे मासे, आणि वर्षभर निरीक्षण. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८४९-५० मध्ये माशांना आणि वनस्पतींना एकमेकांच्या श्वासावर जगवण्याचा जो मूळ प्रयोग केला, त्यात दोन गोल्डफिश, व्हॅलिसनेरिया आणि कुजकी पाने खाणाऱ्या गोगलगाई एवढाच परिवार होता. त्याच्याकडे सिलिंडर नव्हता. दिवाही नव्हता. आरओच्या पाण्याने टाकी मृदू करता येते हे खरे. पण एक लिटर शुद्ध पाण्यासाठी त्याहून जास्त पाणी मोरीत सोडणारे यंत्र तांबड्या पानांसाठी रोज चालवणे, तेही पाणी जिरवण्यासाठी नाले खोदणाऱ्या तालुक्यात, मला पटत नाही.

आरओच्या पाण्याचा एक उपयोग मात्र रास्त आहे. उन्हाळ्यात टाकी गार ठेवायला पृष्ठभागावर छोटा पंखा सोडतात. कोरड्या हवेत माठ गार होतो त्याच नियमाने पाणी दोन ते चार अंशांनी उतरते, आणि शिरपूरच्या कोरड्या मे महिन्यात ही युक्ती मुंबईपेक्षा कितीतरी चांगली चालते. पण उडून जाते ते शुद्ध पाणी. क्षार मागेच राहतात. रोज बोअरच्या पाण्याने भर घातली तर महिन्याभरात केएच चढतो आणि मार्चमध्ये बसवलेले सगळे सामूचे गणित बिघडते. ही रोजची भर आरओच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने घालावी आणि पंधरा दिवसांनी केएच पुन्हा मोजावा.

वनस्पती विकत घ्याव्यात किंवा कुणाच्या टाकीतून मागून आणाव्यात. साताऱ्याच्या सड्यांवरचा वायतुरा, ज्याचे शास्त्रीय नाव अपोनोजेटॉन साताऱ्यावरूनच पडले, किंवा सिंधुदुर्गातल्या ओढ्यांतल्या क्रिप्टोकोराइन या मोजक्या जागी तगून असलेल्या जाती आहेत. सहलीहून पिशवीत घालून आणायच्या नाहीत. आणि छाटणी केलेल्या फांद्या अरुणावतीत किंवा जवळच्या बंधाऱ्यात टाकायच्या नाहीत, मग त्या हायड्रिलाच्या का असेनात. आपली ही गरीब दिसणारी हायड्रिला १९५० च्या दशकात मत्स्यालयाच्या व्यापारातून फ्लोरिडात पोहोचली आणि तिथले तलाव, कालवे तिने भरून टाकले. बोस ज्या गुणांनी चकित झाले होते त्याच गुणांच्या बळावर ती तिथे पसरली. छाटलेल्या फांद्या उन्हात वाळवाव्यात आणि कुंडीत किंवा शेणखतात घालाव्यात. त्यांच्या पानांवरचा चुना तेवढाच मातीत परत जातो.